लिफ्टमधली नऊशे वर्षं

खिडकीच्या कठड्यावर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, त्यावर वाळत ठेवलेले चौदा दात. वरचा जबडा. ज्याचे आहेत तो सोमवारी न्यायला येणार.

*

औषधाच्या दुकानातला नियम: ज्याची मुदत आधी संपते ते खोकं पुढे, नवा माल मागे. हात नेहमी पुढच्या खोक्यावर पडतो, म्हणून जुनं आधी जातं.

*

सहाशे वर्षांपूर्वी या भागात कुणी बटाटा पाहिलेला नव्हता.

*

एका वर्गात एक मुलगी रोज येऊन बसायची. बाई नाव पुकारायच्या, ती 'हजर' म्हणायची नाही, बाई मान वर न करता फुली मारायच्या. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात तिची उपस्थिती निघाली शून्य.

*

लिफ्टच्या टपावर उभं राहून माणसाला निवांत सफरचंद खाता येतं. खाली बटण दाबून दाबून वैतागलेल्यांना ते कळत नाही.

*

तिसऱ्या मजल्यावर एका दाराची बेल वाजत नाही. थाप मारावी लागते, आणि थाप मारली की आतला माणूस चिडतो.

मजला २

दात वहिनीच्या खिडकीत होते. दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायचं तिचं काम मागच्या खोलीत चालायचं, आणि पुढच्या खोलीत शाळा भरायची. शाळा म्हणजे एक लांब टेबल, तीन मुलं आणि जिला वेळ असेल ती मास्तरीण. सकाळी नणंद सहाव्या मजल्यावरून खाली येऊन शिकवायची, कारण औषधाच्या दुकानातली तिची पाळी दुपारनंतर सुरू व्हायची. दुपारी वहिनी. वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा, या इमारतीतली आणि आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींतली. सुट्टीच्या दिवशी तो 'विज्ञान' घ्यायचा. त्यातला बहुतेक वेळ हरवलेला स्क्रू शोधण्यात जायचा.

वहिनीचा थोरला आठ वर्षांचा. आवाजावरून त्याचं नाव पडलं भोंगा. धाकटा चार वर्षांचा, सतत थोरल्याच्या मागे, म्हणून शेपूट. आणि नणंदेची सहा वर्षांची मुंगी. शून्य उपस्थितीची मुलगी हीच. मुंगीचे बाबा बोटीवर स्वयंपाकी होते आणि वर्षातून दोनदा घरी यायचे. त्यांच्याशी ती फोनवर तासभर बोलायची. मामा, मामी, आई यांच्याशीही बोलायची. भोंग्याशी तर कचाकचा भांडायची. पण घराबाहेरच्या माणसाशी एक शब्द नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, जबरदस्ती करू नका, फक्त जिच्याशी किंवा ज्याच्याशी ती बोलते असं एक तरी मूल कायम सोबत असू द्या. ते मूल भोंगा होता. म्हणून भोंग्यालाही शाळेतून काढलं आणि हे टेबल आलं.

शिक्षण कार्यालयाची अट साधी होती. एकत्र शिकवणाऱ्या घरांनी दर विषयाचा एकच अभ्यासक्रम निवडून महिनाअखेर कळवायचा, नाही तर मुलं वेगवेगळी नोंदवायची. गणित, भाषा, चित्रकला ठरली होती. इतिहासावर गाडं अडलं.

टेबलावर दोन नमुना संच होते. एक चार जाड पुस्तकांचा, अगदी आरंभापासून आजपर्यंत. दुसरा पातळ वह्यांचा, आपल्या घरापासून सुरू होऊन मागे मागे जाणारा.

"आधी घडलं ते आधी शिकवायचं," मुंगीची आई म्हणाली. "यात वाद घालण्यासारखं काय आहे?"

"आधी काय घडलं? दगड," वहिनी म्हणाली. "पहिलं वर्षभर दगड. दुसऱ्या वर्षी जरा बरा दगड."

"आणि तुझ्या संचात? आज, मग काल, मग परवा. उलट्या पायांनी चालायचं पोरांनी?"

"अगं, अभ्यासक्रम आहे तो, भूत नाहीये."

"आई, दगडांत मारामारी असते का?" भोंग्याने विचारलं.

"असते."

"मग मी आत्याच्या बाजूने."

"तुला मत नाहीये. बेरजा कर."

मुंगी पेन्सिलीला टोक करत होती. "मामी, चित्रं कशात जास्त आहेत?"

"दगडांत," वहिनीला कबूल करावं लागलं.

"बघ," मुंगीची आई म्हणाली.

दोन मजल्यांच्या मध्ये

हे असं पंधरा दिवस चाललं. दादा घरी जेवायला बसला की डाव्या कानात आरंभ आणि उजव्या कानात आज. शेवटी तो डबा घेऊन लिफ्टच्या टपावर जेवायला लागला. तिथेच त्याला सुचलं.

"हे बघा," तो दोघींना म्हणाला, "आपल्याकडे नऊ मजले आहेत आणि तळमजला. नववा म्हणजे आज. एक मजला खाली म्हणजे शंभर वर्षं मागे. तुला आजपासून सुरू करायचंय, झालं. तुला सगळं रांगेत आणि सारख्या मापाने हवंय, तेही झालं. रविवारी तासभर लिफ्ट देखभालीसाठी माझ्याकडेच असते. पोरांना फिरवून आणतो. मग ठरवा."

दोघींनाही ते फारसं पटलं नाही. दोघींपैकी कुणाचंच पूर्ण ऐकलं गेलं नव्हतं, म्हणून दोघी तयार झाल्या.

रविवारी दादाने दर मजल्यावर लिफ्टसमोर एक कागद चिकटवला. आठव्यावर घोडागाडी. सहाव्यावर पिसाची लेखणी. तिसऱ्यावर बटाट्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. चित्रं वहिनीने काढली होती, तारखा मुंगीच्या आईने तपासल्या होत्या.

"थांबा," दादा प्रत्येक मजल्यावर दार उघडून म्हणायचा. सहाव्यावर म्हणाला, "इथे तीनशे वर्षांपूर्वीची माणसं राहतात असं समजा."

"म्हणजे आपण दुसऱ्या मजल्यावरचे," भोंगा म्हणाला. "मुंगे, आम्ही तुमच्यापेक्षा चारशे वर्षांनी मोठे. नमस्कार कर."

"आणि तळमजल्याखालच्या पंपाच्या खोलीत?" शेपटाने विचारलं.

"तिथे डायनासोर," दादा म्हणाला. मुंगीची आई लगेच म्हणाली, "दादा, माप!" पण लिफ्ट निघाली होती.

भोंग्याने 'समजा' म्हटल्यावर समजलं, म्हणजे खेळ समजला. शेपटाला फक्त डायनासोर ऐकू आला. मुंगीने मात्र मामा म्हणाला ते जसंच्या तसं घेतलं. मामा लिफ्टमधला माणूस होता. कुठल्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला नाही तर कुणाला माहीत असणार?

मजला ३

बेल न वाजणारं दार निवृत्त तिकीट तपासनिसांचं होतं. एकटे राहायचे. वय ब्याऐंशी. रविवारी लिफ्ट तासभर अडते म्हणून इमारतीच्या समितीकडे तक्रार करणारे तेच. त्या रविवारी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उघडी दिसली तसे ते गाऊनवरच बाहेर आले.

"हा काय पोरखेळ चाललाय? माणसांनी जिने चढायचे का?"

दादा काही बोलणार तेवढ्यात मुंगी पुढे झाली.

"तुम्हाला आमचं बोलणं कळतं का?" तिने विचारलं.

दादाच्या हातातून किल्ली पडली. मुंगीची आई जिन्यात उभी होती, ती कठड्याला धरून तशीच राहिली.

"न कळायला काय झालं?" तपासनीस म्हणाले.

"भाषा बदलते ना, म्हणून." मुंगीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गाऊन, लोकरी टोपी, पांढऱ्या मिशा. तिची खात्री पटत चालली होती. "तुम्हाला बटाटा माहितीये?"

"बटाटा? कालच किलोभर आणलाय."

मुंगी मागे वळली. "आई," ती गंभीरपणे म्हणाली, "यांचं काहीतरी चुकलंय."

मजला २, मजला ३, मजला २

त्यानंतर मुंगी रोज दुपारी भोंग्याला घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. तुम्ही आंघोळ कधी करता? राजा लांबून दिसतो का? दात दुखला तर कोण काढतं? मुंगीची आई तेव्हा दुकानात असायची. घरी आल्यावर भोंगा सगळं धडाधड सांगायचा आणि ती वहिनीच्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. दोघींनी दोन-तीनदा डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. महिनाअखेर जवळ आली होती, पण इतिहासाचा विषय कुणी काढेना.

मग एक दिवस मुंगीच्या आईला दुकानातून लवकर सुट्टी मिळाली आणि ती परस्पर तिसऱ्या मजल्यावर गेली. दार लोटलेलं होतं. आत भर दुपारी पडदे ओढून मेणबत्ती लावलेली. भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरवून ठेवलेलं. टीव्हीवर चादर. तपासनीस मुंगीला सांगत होते की ते लहानपणी वाघावर बसून पाणी आणायला जायचे.

"या," ते दाराकडे पाहून म्हणाले. "भविष्यातल्या बाई."

मुंगीची आई मुलीला आणि भोंग्याला घेऊन खाली आली. दोन्ही पोरांना शेपटाबरोबर पुढच्या खोलीत बसवलं आणि मागच्या खोलीत गेली. वहिनी प्लॅस्टर कालवत होती.

"त्यांना तू शिकवलंस."

"थोडंसं," वहिनी म्हणाली. "घड्याळाचं त्यांनी स्वतःहून केलं. वाघाचंही. फार रंगलेत गं ते."

"वहिनी, ती सहा वर्षांची आहे. तिला वाटतंय खरंच तिथे सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस राहतो."

"वाटू दे की. ती बोलतेय. रोज बोलतेय. परक्या माणसाशी."

"खोट्या माणसाशी."

"माणूस खरा आहे! तारीख तेवढी खोटी आहे."

"इतिहासात तारीखच खोटी म्हणजे राहिलं काय?"

"तुझ्या दुकानात डॉक्टर समाधानापुरत्या गोड गोळ्या लिहून देत नाहीत?"

"देतात. मी त्या गोड गोळ्या म्हणूनच देते. वरचं नाव खोटं असेल तर लागू पडणारं औषधही मी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत नाही."

"गिऱ्हाईक?" वहिनीने हातातली पळी आपटली. एरवी ती नणंदेला 'अगं' म्हणायची. 'वन्सं' फक्त भांडणात निघायचं, आणि आता निघालं. "मग वन्सं, तुम्ही तुमचा दगडांचा संच घ्या आणि तुमच्या मुलीला तुम्हीच शिकवा. भोंग्याचं काय अडलंय? त्याला कुठलीही शाळा चालते."

प्लॅस्टर वाडग्यात घट्ट होत गेलं. दोघींना ते दिसत होतं. ढवळायला कुणाचा हात पुढे झाला नाही.

मुंगीची आई बाहेर आली. मुंगी आणि भोंगा दारामागेच उभे होते.

औषधाचं दुकान

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकी नव्हती. मुंगीच्या आईने गल्ल्याशेजारी चार जाड पुस्तकांतलं पहिलं उघडलं. मुंगीला एकटीला शिकवायचं झालं तर कुठून सुरू करायचं ते पाहायला.

चांगलं पुस्तक होतं. क्रम चोख. गुहा, शेती, नदी, भांडी. प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्याय: रंगवा, जोड्या लावा, नकाशात दाखवा. तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. रंगवा, जोड्या लावा, दाखवा.

मग तिने पिशवीतून वहिनीच्या संचातली पहिली वही काढली. पहिला स्वाध्याय: तुमच्या इमारतीतल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारा. दुसरा: दुकानदाराला विचारा, त्यांचं दुकान होण्याआधी तिथे काय होतं. तिसरा: विचारा. चौथा: विचारा.

तिने वही मिटली. खोकल्याचं औषध मागायला कुणीतरी आलं, ते दिलं. पुढच्या खोक्यातलं.

चार पुस्तकांतली सगळी माणसं मेलेली होती. त्यांना काही विचारायची सोयच नव्हती. ती पुस्तकं तिला का आवडली होती ते तिला आता कळलं. क्रम हे निमित्त होतं. पुढची चार वर्षं मुंगीला कुणासमोर तोंड उघडावं लागणार नव्हतं आणि तिला ते बघावं लागणार नव्हतं.

मजला २

"तुझा संच घेऊ या," घरी जायच्या आधी ती वहिनीच्या दारात उभी राहून म्हणाली.

वहिनीच्या हातात अर्धी कवळी होती. "अगं, भोंगा कुठेही जात नाहीये. मी रागात बोलले."

"माहितीये. पण बोललीस."

"बोलले."

"आणि मी घाबरले. ते जाऊ दे. संच तुझा. पण मुंगीला मी खरं सांगणार. आधी ते, मग पहिला धडा."

"आणि ती परत गप्प झाली तर?"

"तर झाली."

 

 

 वहिनीने कवळी खाली ठेवली आणि आत जाऊन शिक्षण कार्यालयाचा कागद आणला. इतिहासाच्या ओळीत दोघींनी सह्या केल्या. आतून दादाने विचारलं, "मी आता घरात जेवलो तर चालेल का?"

लिफ्ट

"मुंगे, एक सांगायचंय."

"हं."

"तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा सहाशे वर्षांपूर्वीचे नाहीत. मामा खेळ म्हणून म्हणाला होता. ते आताचेच आहेत. ब्याऐंशी वर्षांचे."

मुंगीने बटणांच्या रांगेकडे पाहिलं. "म्हणजे आठव्याच्या थोडे वर."

"बरोबर."

"मग ते तिसऱ्यावर का राहतात?"

"गुडघे दुखतात. लिफ्ट बंद पडली तर जास्त चढायला नको."

"आणि मेणबत्ती?"

"तू यायचीस म्हणून लावायचे."

"त्यांना बटाटा माहितीये?"

"चांगलाच."

चौथा गेला, पाचवा गेला. सहाव्यावर दार उघडलं तेव्हा मुंगी म्हणाली, "मग ते बाहेरचेच झाले."

"हो," आई म्हणाली. 

त्यानंतर आठवडाभर मुंगी तिसऱ्या मजल्यावर गेली नाही. एकदा तपासनीस खाली फाटकाशी भेटले, 'काय म्हणता?' म्हणाले, तर ती आईच्या ओढणीमागे गेली. तपासनीस पिशवी घेऊन तसेच पुढे निघून गेले. वहिनीने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्यासाठी तिला किती कष्ट पडले ते दादाला माहीत.

मजला ३

पहिल्या स्वाध्यायाच्या दिवशी तिघं मुलं वह्या घेऊन गेली. दोघी आया बाहेर जिन्यात थांबल्या. थाप भोंग्याने मारली. तपासनिसांनी दार उघडलं, आणि या वेळी ते चिडले नाहीत. पडदे सरकवलेले होते, घड्याळ सरळ होतं आणि पावणेपाच दाखवत होतं. टेबलावर उकडलेल्या बटाट्यांची ताटली होती.

"बसा," ते म्हणाले. "आता सगळं खरं सांगतो. वाघ नव्हता. सायकल होती."

"कुठल्या रंगाची?" भोंग्याने विचारलं आणि लिहून घेतलं.

मुंगी भोंग्याच्या पाठीमागे बसली होती. ती त्याच्या कानात कुजबुजली.

"ती विचारतेय, घड्याळ का फिरवायचात?" भोंगा ओरडला.

"मला मजा यायची. सांग तिला."

"ती इथेच आहे. तिला ऐकू येतं."

तपासनिसांनी मान डोलावली. शेपटाने दुसरा बटाटा घेतला. मुंगी पुन्हा भोंग्याच्या कानाशी गेली, हाताचा आडोसा करून, या वेळी बराच वेळ. भोंग्याने तोंड वाकडं केलं.

"हे मी नाही विचारणार. काहीतरीच आहे हे."

मुंगीने त्याला चिमटा काढला.

"चिमटा काढलास तरी नाही. तुझा प्रश्न आहे, तू विचार."

जिन्यात वहिनीने नणंदेचं मनगट धरलं. तिच्या बोटांवर वाळलेलं प्लॅस्टर होतं, ते टोचत होतं. दोघींपैकी कुणी आत गेलं नाही.

तपासनीस वाट बघत बसले. माणसं सगळे खिसे चाचपत तिकीट शोधत असताना समोर शांत उभं राहायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, मुंगीकडेही पाहिलं नाही. बटाट्यावर मीठ भुरभुरवलं.

मुंगीने भोंग्याच्या कानावरचा हात काढला आणि ती त्याच्या पाठीमागून बाजूला सरकली.

इमारतीबाहेर

जुन्या शाळेच्या अगदी पहिल्या दिवशी मुंगीने फाटकावरच्या रखवालदाराला स्वतःहून आपलं नाव सांगितलं होतं. हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.